मागचा पडदा आधी बांधावा

मी, शकुंतलाबाई हरिचंद आडे, वय कागदोपत्री एकोणसाठ, राहणार माळतांडा, साखरा शिवार, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ऐकू थोडे कमी येते, सकाळी बोटे वळत नाहीत, पण कोणाला काय द्यायचे ते मला नीट कळते. मला कोणी धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. याआधी असा कागद मी केलेला नाही, म्हणून आधीचे काही रद्द करायचे नाही. सेनगावच्या वकिलांनी एक नमुना दिला आहे. त्यात वाहनासाठी एकच ओळ आहे. ती मला पुरणार नाही, म्हणून मी वहीचे कागद घेतले आहेत. आज गुरुवार आहे. एका बैठकीत होईल असे वाटत नाही.

कलम एक. घर. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचे शेड. हे घर माझे पती हरिचंद आणि मी मिळून बांधले. विटा मी वाहिल्या, ओळंबा त्यांनी धरला. उत्तरेची भिंत वाकडी आहे ती त्यांची. घर मुलगा रणजीत याला द्यावे. मात्र उत्तरेच्या खोलीतली खिडकीखालची खाट माझी मुलगी निलम हिची राहील. ती येईल तेव्हा त्या खोलीत चूल पेटवू नये, कडबा आणून टाकू नये, आणि झाडायचे असेल तर आधी पाणी शिंपडावे. निलमला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. घरात हे सर्वांना माहीत आहे, तरी लिहून ठेवते. माहीत असलेल्या गोष्टीच घाईत विसरल्या जातात.

कलम दोन. शेत साडेचार एकर, साखरा शिवारात, हरिचंद यांच्यामागे माझ्या नावावर झालेले. ते रणजीतने कसावे. बांधावरचे आंब्याचे झाड दोघा भावंडांचे. पाडाला आल्यावर निलमची वाट न बघता आंबे उतरवले, तर तिच्या वाटणीचे कळमनुरीला पोचते करावेत. निलम तिथे शाळेत शिकवते आणि नवऱ्यासह तिथेच राहते. पोस्टाच्या पासबुकात जे असेल ते तिचे. रणजीतला जमीन मिळाली आहे, त्याने यावर तोंड वाकडे करू नये.

कलम तीन. माझी चांदीची घुगरी-टोपली, म्हणजे आमच्या बायका सवाष्णपणी कानाजवळच्या केसांत गुंफतात ती, निलमला द्यावी. पाच वर्षांपूर्वी हरिचंद गेले त्या दिवशी मी ती स्वतः उतरवली. गाठी इतक्या जुन्या झाल्या होत्या की केस कापावे लागले. काही केस अजून तिच्यात अडकलेले आहेत, काळे. निलमला नको वाटले तर तिने ते काढून टाकावेत, मला वाईट वाटणार नाही.

कलम चार. जीप.

या कलमात मला वेळ लागेल.

ही जीप १९७२ सालची आहे, आमच्याकडे १९९१ साली आली. हरिचंद तेव्हा एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते. निलम सहा वर्षांची होती. तिला दम लागला की ओठ निळे पडत आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाई. डॉक्टर हिंगोलीला. तांड्यापासून साखऱ्यापर्यंतचे नऊ किलोमीटर मुरमाचे. दिवाळीनंतर पाणी आटले की तो मुरूम पिठासारखा होतो आणि मृगापर्यंत तसाच राहतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरीला मांडीवर घेऊन, तोंडावर ओला पदर धरून मी नेत असे. एकदा साखऱ्याजवळ ती श्वासच घेईना. त्या आठवड्यात हरिचंद यांनी बैलजोडी देऊन ही जीप आणली.

माझे दीर प्रेमसिंग बघायला आले. जीपभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दादा, बैल देऊन भंगार आणलं? बैल निदान हाक मारली तर उठून उभा राहतो."

हरिचंद म्हणाले, "ही बी राहील. हाक कशी मारायची ते शिकून राहिलो."

पण पहिल्यांदा निलमला त्या जीपने हिंगोलीला नेले तेव्हा ट्रॉलीच बरी होती असे मला वाटले. वर ताडपत्रीचा हूड, बाजूला दारांऐवजी लोंबते पडदे, पायाखालच्या पत्र्याला भोके. ट्रॉलीत धूळ येई आणि वाऱ्याने निघूनही जाई. जीपमध्ये ती आत येऊन बसून राही. उतरलो तेव्हा पोरीच्या पापण्या पांढऱ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो, बाई. पण दर पंधरा दिवसाला एवढी धूळ चारून आणता, मग मी काय करू?"

तेव्हापासून हरिचंद धुळीच्या मागे लागले. क्लच-ब्रेकचे दांडे जिथून आत येतात तिथे ट्यूबचे तुकडे कापून बसवले. गिअरच्या दांड्याला जुन्या बुटाचे कातडे शिवले. समोरच्या काचेच्या कडेने डांबर भरले. काचेखाली हवेसाठी पत्र्याची एक झडप आहे, ती ठोकून कायमची बंद केली. बाजूच्या पडद्यांच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. मागची बाजू तेवढी उघडी ठेवली, कारण माणसे तिकडूनच चढतात आणि आत बसलेल्यांना श्वास घेता आला पाहिजे.

आणि धूळ वाढली.

दोन वर्षे ते पुढची फट शोधत राहिले. आता हसू येते, पण ती चूक त्यांची एकट्याची नव्हती. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल लादून वाटा तुडवल्या. बैलांची रांग चालली की पुढच्याच्या खुराची धूळ मागच्याच्या तोंडात. म्हणून नाईकाचा बैल सर्वांत पुढे आणि धाकट्या सुनेचा सर्वांत मागे. धूळ पुढून येते, हे आमच्यात कोणाला शिकवावे लागत नाही. जीप रस्त्यावर एकटी असते, तिच्यापुढे बैल नसतो, हा विचार कोणाच्या डोक्यात आलाच नाही.

मी मागे बसत असे. मला दिसे की पाठीमागे उठलेला लोट गाडीला सोडून जात नाही, वळून आत येतो. मी सांगितले. हरिचंद म्हणाले, "गाडी पुढं पळून राहिली अन् धूळ तिला पळून गाठती व्हय?" तीन वेळा सांगितले, तीन वेळा हेच ऐकले.

मग १९९३ च्या चैत्रात मी उदबत्तीचा पुडा घेऊन जीपमध्ये बसले. सोबत निलम, प्रेमसिंग आणि तांड्यातल्या म्हाताऱ्या रुख्मिणीबाई. साखऱ्याच्या अलीकडे, गाडी बरी पळत असताना, मी एक उदबत्ती पेटवून मागच्या बाजूला धरली.

प्रेमसिंग म्हणाले, "वहिनी, जीपचं लगीन लावून राहिल्या का काय?"

"गप बसा, भाऊजी. धूर कुठं जातो ते बघा."

"धूर वर जातो. शाळेत न जाता बी मला माहीत हाय."

धूर वर गेला नाही. आडवा झाला आणि मागून पुढे, निलमच्या डोक्यावरून, सरळ हरिचंद यांच्या मानेकडे चालला. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "अगं बया, हा तर डायवरला हुडकून राहिला!"

हरिचंद ओरडले, "काहून जाळून राहिली मागं?"

"गाडी थांबवा अन् बघा."

थांबवली. धूर उभा वर गेला. प्रेमसिंग म्हणाले, "घ्या, मी काय म्हनलो?" मी म्हणाले, "आता चालवा." चालवली, धूर पुन्हा आडवा, पुन्हा पुढे. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी हरिचंद उतरून गाडीच्या मागे गेले आणि कमरेवर हात ठेवून, आपल्याच गाडीने उडवलेली धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिले. मग गाडी हिंगोलीला नेली. दवाखान्याच्या पायरीवर म्हणाले, "आपुन पुढच्या दाराला कुलूप लावून बसलो, अन् चोर परसातून येऊन राहिला." त्यांनी चूक कबूल केली ती एवढीच. मला पुरली.

परत येताना पुसेगावला सोनाजी मेकॅनिककडे थांबलो. सोनाजी ऐकून म्हणाले, "बराबर हाय बाईचं. गाडी पळती तशी तिच्या मागं पोकळी ऱ्हाती. ती धुळीला वढून घेती. तुमी पुढून वारा येऊ द्यायचा, मागून कोंडायचं. आतला वारा बाहेर ढकलत असला की धूळ आत शिरत न्हाई."

हरिचंद म्हणाले, "मग दोन वर्षं सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी म्हनला ट्यूबचे तुकडे दे, मी दिले."

सोनाजींनी ठोकलेली झडप तेल सोडून, हातोडीने हळूहळू उघडली. मागचा पडदा मी केला. माझ्या सासूबाईंचा जुना फेटिया, आरशांचा आणि कवड्यांचा जाड घागरा, तो उसवून मध्ये दोन लुगडी घालून वाकळीसारखा दाट शिवला. साधी ताडपत्री वाऱ्याने फडफडते, वाकळ फडफडत नाही. खालच्या काठाला खिसे शिवून त्यांत ओढ्यातली चाळलेली वाळू भरली, म्हणजे पडदा वजनाने पत्र्याला चिकटून राहतो. आत माणसे बसली की तो ओढून चामड्याच्या चार पट्ट्यांनी बांधायचा.

पायाखालची भोके शोधायला घागऱ्यातला सुटलेला एक मोठा आरसा कामी आला. भर दुपारी जीप उघड्यावर उभी करायची. हरिचंद बाहेर जमिनीवर आडवे होऊन आरशाने ऊन गाडीच्या पोटाखाली फेकत. मी आत, वरून घोंगडे पांघरून, अंधारात बसे. जिथे भोक तिथे तारा दिसे. पहिल्या दिवशी एकतीस तारे मोजले. मी बोट ठेवायची, खडूने खूण करायची, आणि तिथे कापड डांबरात बुडवून बसवायचे.

आता पद्धत लिहून ठेवते, कारण ती कुठे लिहिलेली नाही. मागचा पडदा आधी बांधावा. मग बाजूचे. मग काचेखालची झडप उघडावी, तिच्यावर धोतराचे ओले फडके ताणून बसवावे, आणि मगच गाडी सुरू करावी. फडके पिळून घ्यावे, नाहीतर ड्रायव्हरच्या पायावर ठिबकते. साखऱ्याला थांबून पुन्हा ओले करावे. गरम होते म्हणून कोणी मागचा पडदा चिमूटभर जरी उघडला, तरी सगळी मेहनत गेली. पडदा महिन्यातून एकदा उलटा करून झोडपावा, घरापासून लांब. वाळू दर वर्षी बदलावी, नाहीतर तिचे पीठ होते. उंदीर लागतात, ते बघावे.

त्यानंतर पहिल्यांदा हिंगोलीला पोहोचलो तेव्हा हरिचंद यांनी निलमला उतरवले आणि म्हणाले, "सीटवर हात फिरव." तिने फिरवला आणि तळहात वर करून दाखवला. स्वच्छ होता. मग ती दर वेळी तसे करू लागली. मोठ्या शाळेला जायला लागली तेव्हाही, डी.एड.ला गेली तेव्हाही, लग्नात पाठवणी केली तेव्हाही. नवरदेवाला काही कळेना, ही बाई उतरून सीटवरून हात का फिरवते.

झडपेतून जी थोडी धूळ फडक्यातून निसटे ती हरिचंद यांच्या अंगावर येई. ते तोंडाला उपरणे बांधत. २००२ च्या फेब्रुवारीत सेनगावला, उभ्या जीपमध्ये, चहा यायची वाट बघत असताना ते गेले. चहा घेऊन आलेल्या माणसाला वाटले, डोळा लागला आहे. मी डॉक्टरांना विचारले, धुळीने गेले का? ते म्हणाले, नाही, हृदय बंद पडले. तेरावा झाल्यावर मी पुन्हा जाऊन विचारले. वर्षाने आणखी एकदा विचारले. डॉक्टर दमले नाहीत, तिन्ही वेळा तेच सांगितले. आता मी ते खरे मानते.

तेव्हापासून जीप रणजीत चालवतो. चालवतो चांगली, पण तिच्यावर त्याचा जीव नाही. मागच्या दिवाळीत निलमच्या देखत म्हणाला, "याडी, हे भंगारात घाल आता. बंद काचाची गाडी घेऊ. काच लावली की धूळ खतम." आमच्यात आईला याडी म्हणतात. तो याडी म्हणाला की मी बहुतेक गोष्टी ऐकते, ही ऐकली नाही. बंद काचांची गाडी कधी येईल ती येईल, निलम दर महिन्याला येते. जीप गेली तर दिवाळीपासून मृगापर्यंत तिला तांड्याची वाट बंद.

सून मिना हिच्याबद्दल लिहिणे भाग आहे. ती लग्नात शिलाई मशीन घेऊन आली. तिच्यावर तांड्यातल्या बायकांची पोलकी शिवते. पडद्याबद्दल तिने मला एकदाही विचारले नाही. मी होऊन दाखवायला गेले तर "व्हय" म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. दोन वर्षांपासून माझ्या बोटांत सुई राहत नाही, म्हणजे दोन वर्षे पडद्याला हात लागलेला नाही. विचारण्याची मला हिंमत होत नाही.

म्हणून मी जीप, पडदा आणि कागदपत्रांसह, मुलगी निलम हिला देते. रणजीतचा जीपवर हक्क राहणार नाही. मिनाचाही नाही.

कलम पाच. माझ्या उशाच्या पत्र्याच्या पेटीतले कागद. फटींत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे मी दर आठवड्याला बदलत असे. निलम खाटेवर पडून पाटीवर अक्षरे गिरवी, तिच्याबरोबर मी गिरवली, आणि तिचे पुस्तक संपल्यावर वाचायला घरात दुसरे काही नव्हते. म्हणून ते बोळे उलगडून, झटकून वाचले. मी वाचायला शिकले ती अशी. बऱ्याच बातम्या अर्ध्या फाटलेल्या असत, त्यामुळे त्या काळात जगात काय सुरू झाले ते मला माहीत आहे, शेवट काय झाला ते नाही. आवडलेले तुकडे पेटीत आहेत. ते निलमच्या शाळेतल्या पोरींना द्यावेत. शेवट त्यांनी शोधून काढावा.

कलम सहा. दीर प्रेमसिंग यांना उदबत्तीचा एक पुडा द्यावा, चांगल्या वासाचा. १९९८ साली त्यांनी टेम्पो घेतला, त्याला माझ्यासारखा पडदा लावला, आणि तेव्हापासून चारचौघांत सांगतात की ही आडे घराण्याची जुनी युक्ती आहे, हरिचंददादाला सुचली. दादांना सुचली नव्हती. मला सुचली, आणि ते समोर बसून माझी थट्टा करत होते. पुडा देताना हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. बाकी माझा त्यांच्यावर राग नाही. हरिचंद गेले तेव्हा सर्वांत आधी तेच सेनगावला पोहोचले, आणि जीप त्यांनीच हळू चालवत घरी आणली.

कलम सात. हरिचंद यांचे पाने, जॅक आणि हातोडी पुसेगावच्या सोनाजी मेकॅनिकना द्यावी असे मी लिहिले होते. शुक्रवारी त्यांना साक्षीदार म्हणून सही करायला निरोप धाडला. वकिलांचे म्हणणे, ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही न केलेली बरी. सोनाजी सायकलवरून आले, ऐकून घेतले आणि म्हणाले, "मंग पाने नको मला."

मी म्हटले, "अहो, चांगल्या लोखंडाचे आहेत."

"पाने बजारात भेटतात, बाई. हरिचंदच्या घरच्या कागदावर सही करायला मला परत कोन बोलावनार हाय?"

म्हणून पाने, जॅक आणि हातोडी जीपबरोबर राहतील, आणि सोनाजी सही करतील.

कलम आठ. आज रविवार. वर कलम चारच्या शेवटी जे लिहिले आहे ते मी रद्द करते. कलम खोडत नाही, कारण त्यातली हकीकत खरी आहे. फक्त शेवटचा निर्णय चुकला आणि मिनाबद्दल लिहिलेले चुकले. का चुकले तेही लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की म्हातारीचे डोके फिरले किंवा सुनेने लिहून घेतले.

काल शनिवारी निलमला सुट्टी होती. तिला सेनगावहून आणायला मी रणजीतबरोबर गेले. जी वस्तू तिला देते आहे ती कशा हालतीत आहे ते बघावे, एवढाच हेतू. येताना निलम आणि मी मागे बसलो. पडदा निलमने बांधला. साखरा सोडल्यावर मी पदरातून उदबत्ती काढली.

रणजीत आरशातून बघत म्हणाला, "याडी, आता हे काय काढलं? माणसं म्हनतील जीपमधी सत्यनारायण घालून राहिले."

मी पेटवली. दोन वर्षांत वाळूचे पीठ झाले असेल, वाकळ कुरतडलेली असेल, धूर माझ्या पोराच्या मानेकडे जाईल, असे धरून बसले होते. धूर मागे गेला. पुढून आलेल्या वाऱ्याबरोबर सावकाश पडद्याला जाऊन टेकला. बाहेर मुरमाचा लोट उठला होता, आणि आत निलम कळमनुरीच्या गोष्टी सांगत होती, मध्ये एकदाही न खोकता.

मी वाकून पडद्याचा काठ बघितला. खिसे नवे होते. सासूबाईंच्या फेटियाच्या लाल कापडात हातभर रुंद हिरवा तुकडा जोडलेला होता, दुहेरी मशीनच्या शिवणीने. त्यावर छोटे आरसे होते. तो हिरवा फेटिया मी ओळखला. मिना लग्न होऊन तांड्यात उतरली तेव्हा तिच्या अंगावर होता.

रणजीतला विचारले, "हे कोणी केलं?"

"मिनानं. दर सहा महिन्याला काही ना काही करतच असती. मी म्हनलो याडीला सांग, तर म्हनली राहू द्या."

"मंग तू भंगारात घाल काहून म्हनलास?"

"डिझेल मी भरतो म्हनून म्हनलो," रणजीत म्हणाला. मग गिअर बदलत म्हणाला, "अन् तू हिला नेऊन देशील कळमनुरीला. निलमला चालवता येत न्हाई. तिथं भिंतीला टेकून सडंल, मंग भंगारातच जाईल ना?"

निलम म्हणाली, "खरं आहे त्याचं, याडी. मला देऊ नको. मी काय करू तिचं?"

मी कागदाचा एक शब्द कोणाला बोलले नव्हते. दोघांनाही आधीच माहीत होते.

घरी आल्यावर निलमने सीटवर हात फिरवला, दाखवला, आणि आत गेली. मी मिनाकडे गेले. ती मशीनवर होती. मी म्हटले, "पडद्याला काय झालं होतं?"

"उंदरानं खाल्ला होता. मधला सगळा भाग."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमच्या सासूबाईचा फेटिया. तुमी बघितलं असतं तर जेवला नसता." मग सुईत दोरा ओवत म्हणाली, "अन् दुरुस्त केलेला दाखवला असता, तर म्हनला असता टाका मोठा पडला."

म्हटले असते. काल काठ बघताना पहिला विचार तोच आला होता.

पायाखालची भोके कशी बघतेस, असे मी विचारले, कारण त्या कामाला दोन माणसे लागतात. मिना म्हणाली, "सकाळी ऊन तिरपं असतं, गाडीच्या खाली घुसतं. तवा खाली परातीत पानी ठेवते. कवडसा वर पत्र्याला लागतो. मी आत घोंगडं घेऊन बसते. एकटीचं काम हाय." हे मला सुचले नव्हते. हरिचंद आठ-नऊ वर्षे दुपारच्या उन्हात जमिनीवर आडवे पडले, आणि एका परातीत काम होणार होते. त्यांना सांगता आले असते तर फार हसले असते.

तेव्हा आता मी असे ठरवते. जीप, पडदा, आरसा, पाने, जॅक आणि हातोडी, हे सर्व मी सून मिना रणजीत आडे हिला देते. चालवायची रणजीतने. विकायची झाली तर मिनाची सही लागेल, आणि ती लवकर सही करणारी बाई नाही हे मला आता कळले आहे. साखऱ्यापासून तांड्यापर्यंत डांबरी रस्ता झाला, आणि निलम त्यावरून दोनदा उघड्या खिडकीने येऊन गेली, की मग मिनाने जीपचे वाटेल ते करावे. भंगारात घातली तरी माझी हरकत नाही. पडदा मात्र घालू नये. तो धुऊन, वाळू काढून, थंडीत पांघरावा.

कलम नऊ. माझ्या शेवटाबद्दल. कोणी फार रडू नये. मी बरी जगले. पोरगी जगावी म्हणून बैल दिले, आणि पोरगी जगली. यापलीकडे मागायचे काही राहिले नाही. हरिचंद नाहीत, हे रोज संध्याकाळी जीप शेडमध्ये शिरण्याचा आवाज आला की नव्याने कळते, पण त्याची आता सवय झाली आहे. ज्या वडाखाली त्यांना अग्नी दिला तिथेच मला द्यावा.

मी गेले की आधी कळमनुरीला फोन करावा आणि जीप सेनगावला पाठवावी. मागचा पडदा मिनाने स्वतः बांधावा. झडपेवरचे फडके ओले करावे, आणि रणजीतने रडत रडत गाडी जोरात पळवू नये. निलम येईपर्यंत मला उचलू नये. ऊन चढले, लाकडे रचून झाली, पाहुणे खोळंबले, असे कोणी म्हणाले तरी थांबावे. मला घाई नसेल.

ती उतरली की सीटवर हात फिरवेल. तिचा तळहात बघावा. स्वच्छ असला, तर मग मला न्यावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला समजले, आणि साक्षीदारांच्या समोर खाली सही करते. अंगठा नाही, सही.

शकुंतलाबाई हरिचंद आडे

साक्षीदार एक: सोनाजी, राहणार पुसेगाव, धंदा मोटार दुरुस्ती. बाईंनी माझ्या समोर सही केली. कलम चारमधले माझे बोलणे बराबर लिहिले आहे.

साक्षीदार दोन: पेमा नाईक, माळतांडा. मला लिहिता येते तेवढे लिहितो. मी ऐकले, सही पाहिली. आमच्या तांड्यात बैलांच्या रांगेत धाकटी सून मागे चालायची, हे बाईंनी लिहिले ते खरे आहे.

ठिकाण: माळतांडा, साखरा शिवार, शेडमध्ये, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून.
दिनांक: ११ मार्च २००७, रविवार.